नदीतला उपसा आणि दगडाखालचे जीव : आपल्या गावच्या नदीची तपासणी कशी करावी

एप्रिलमध्ये कोल्हापूर पद्धतीच्या कुठल्याही बंधाऱ्यावर उभं राहा. वरच्या अंगाला फुगवट्याचं पाणी काठोकाठ असतं, खालच्या अंगाला गोटे उघडे पडलेले असतात आणि मधून एक धार कशीबशी वाहत असते. वरच्या गावचा माणूस म्हणतो, नदीला पाणी आहे. खालच्या गावचा म्हणतो, नदी आटली. दोघांचंही खरं आहे. पण ज्या अळ्या, खेकडे, शिंपले आणि किडे वाहत्या पाण्यावरच जगतात, त्यांना या दोन्ही बाजू नकोशा असतात. वर पाण्याला ओढ नाही आणि खाली पाणीच नाही.

या बिनकण्याच्या जीवांकडे पाहून उपशाचा परिणाम कसा ओळखायचा, हे मी इथे पायरीपायरीने सांगणार आहे. शाळेतले शिक्षक, नदीकाठचे शेतकरी, ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीचे सदस्य, कुणालाही हे करता येतं. उदाहरणासाठी मी पंचगंगेचं खोरं डोळ्यांपुढे ठेवलं आहे. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचं पाणी प्रयाग चिखलीपाशी एकत्र येतं आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळतं. वाटेत बंधारे आणि जॅकवेल (नदीतून पाणी उपसण्यासाठी काठाशी बांधलेल्या विहिरी) एकामागोमाग एक आहेत. पद्धत मात्र कुठल्याही नदीला चालेल.

आधी समजून घ्या : पाणी कमी झालं की काय बिघडतं

नदीत डोह आणि खळाळ आलटून पालटून येतात. खळाळ म्हणजे उथळ, गोट्यांवरून आवाज करत जाणारं पाणी. उपसा वाढला की डोहाची पातळी थोडी खाली जाते, पण खळाळ थेट अरुंद होतो, कारण तिथे मुळातच पाणी वीतभर असतं. आणि नदीतले सगळ्यात जास्त प्रकारचे किडे याच खळाळात राहतात. म्हणून खळाळ सोडून नुसता डोह पाहिला, तर उपशाचं नुकसान दिसतच नाही.

या किड्यांचं शरीर वेगासाठीच घडलेलं आहे. मेफ्लाय, कॅडिसफ्लाय हे अळीपणी पाण्यात राहणारे आणि मोठे झाल्यावर उडणारे किडे. चपट्या मेफ्लायची अळी दगडाला चिकटून बसते, पाणी तिच्या अंगावरून निसटून जातं. हायड्रोप्सायकिडी कुळातल्या कॅडिसफ्लायची अळी दगडांच्या फटीत रेशमाची जाळी विणते आणि प्रवाहाने आणून टाकलेले कण खाते. प्रवाह थांबला की तिची जाळी कोळ्याच्या जाळ्यासारखी लोंबकळत नाही, ती नुसती मिटते आणि गाळाने भरते. काळ्या माशीची अळी मागच्या टोकाने दगडाला चिकटते आणि डोक्यावरच्या पंख्यांनी अन्न गाळते. या दोघींना उपाशी मारायला विष लागत नाही, पाण्याची ओढ काढून घेतली की पुरते.

दुसरी गोष्ट प्राणवायूची. वीस अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशाला तो साडेसातच्या आसपास येतो. उथळ आणि मंद पाणी उन्हात लवकर तापतं, शिवाय खळखळाट थांबल्यामुळे हवा मिसळणंही कमी होतं. रात्री शेवाळ उलट प्राणवायू खातं. म्हणून पहाटेची वेळ सगळ्यात वाईट असते, आणि दुपारी बारा वाजता घेतलेलं मोजमाप भलतंच आश्वासक वाटू शकतं.

तिसरी गोष्ट गाळाची. वेग मंदावला की बारीक माती खाली बसते आणि गोट्यांमधल्या फटी बुजतात. त्या फटी म्हणजे या जीवांची घरं, आणि उन्हाळ्यात पाणी खूपच कमी झालं तर आसराही तोच. वाळू-गोट्यांच्या आत, नदीच्या तळाखाली ओल टिकलेली असते. बरेच छोटे जीव तिथे खाली सरकून वाईट दिवस काढतात. वाळूउपसा आणि पात्रात खणलेले चर हाच शेवटचा आसरा काढून घेतात. पाण्याचा उपसा आणि वाळूचा उपसा एकाच जागी झाला तर नुकसान बेरजेपेक्षा मोठं होतं, असं माझं ठाम मत आहे.

उपसा म्हणजे नुसती मोटर असंही नाही. कोयनेचं पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला वळवलं जातं. कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या पहिल्या कृष्णा लवादाने त्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफूट) मर्यादा घातली. तिकडे कोकणातल्या वाशिष्ठी नदीला मात्र हे पाणी वरून मिळतं. एका नदीचं घटणं आणि दुसरीचं वाढणं, दोन्हींमुळे तळातलं जीवन बदलतं. या लेखात आपण घटण्याकडे लक्ष देऊ.

पायरी १ : जागा निवडा

किमान तीन जागा हव्यात. पहिली, उपशाच्या आणि फुगवट्याच्या बरीच वर, जिथे पाणी अजून वाहतं आहे. दुसरी, बंधाऱ्याच्या किंवा जॅकवेलच्या लगेच खाली. तिसरी, त्याच्याही खाली, एखादा ओढा मिळून नदी थोडी सावरते तिथे. तिन्ही ठिकाणी खळाळच निवडा, आणि गोट्यांचा आकार, सावली, पात्राची रुंदी शक्य तितकी सारखी ठेवा. वर गोट्यांचा खळाळ आणि खाली चिखलाचा काठ अशी तुलना केलीत तर फरक पाण्यामुळे आहे की तळामुळे, हे कळणार नाही. लोक सगळ्यात जास्त इथेच चुकतात.

फुगवट्याच्या आत पहिली जागा घेऊ नका. तिथे पाणी भरपूर दिसतं, पण ती आता नदी उरलेली नसते. तिची गणना तलावासारखी होते. हवा असेल तर फुगवट्याचा एक वेगळा, चौथा नमुना घ्या. बंधाऱ्याने नेमकं काय केलं हे तो नमुना फार स्पष्ट सांगतो.

मधे सांडपाण्याचा नाला, साखर कारखान्याचं किंवा कापड प्रक्रियेचं पाणी मिळत असेल तर ती जागा टाळा. टाळता येत नसेल तर वहीत पहिल्याच ओळीत लिहून ठेवा.

पायरी २ : वेळ ठरवा

पावसाळ्यात पुराने तळ घुसळलेला असतो, तेव्हा काही हाती लागत नाही. पूर ओसरून दोन-तीन आठवडे गेले की जीव पुन्हा बसतात. पंचगंगा खोऱ्यात साधारण ऑक्टोबरात बंधाऱ्यांना बर्गे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) घालायला सुरुवात होते. पहिला नमुना त्याच्या आधी घ्या. दुसरा जानेवारीत, तिसरा एप्रिलअखेर किंवा मेच्या सुरुवातीला. बर्गे घालण्याआधीचा नमुना ज्यांच्याकडे असतो, त्यांचं म्हणणं खोडणं अवघड जातं, कारण वरची जागा आणि खालची जागा यांच्यातला फरक आधीपासूनच होता का, याचं उत्तर त्यांच्या वहीत असतं.

उन्हाळ्यात पाटबंधारे खातं उपसाबंदी जाहीर करतं त्या दिवसांकडेही लक्ष ठेवा. बंदीच्या काळात पाणी चढतं, बंदी उठताच मोटरी एकदम सुरू होतात आणि काही तासांत काठ उघडा पडतो. या उतरत्या पाण्याबरोबर शिंपले आणि गोगलगायी आत सरकू शकत नाहीत, त्या काठावर अडकतात. बंदी उठल्यानंतरच्या सकाळी काठाने दोनशे पावलं चालून अडकलेले जीव मोजा. साधं काम आहे, पण याच्याइतका पटणारा पुरावा मला दुसरा माहीत नाही.

पायरी ३ : साहित्य जमवा

अर्धा मिलिमीटर छिद्राची नायलॉनची जाळी, तीस सेंटिमीटर रुंद लोखंडी चौकटीवर शिवलेली, लांब दांड्याची. मच्छरदाणीची जाळी मोठी पडते, लहान अळ्या त्यातून निसटतात. दोन पांढरे ट्रे, प्लास्टिकचे चमचे, एक मऊ ब्रश, दहापट मोठं दाखवणारं भिंग, तापमापक, मीटर टेप, घड्याळ, वही आणि पेन्सिल. पेन भिजतं. पायात बूट हवेत, कारण काचा आणि तारा कुठेही असतात.

सुरक्षेबद्दल दोन शब्द, आणि ते मी गंभीरपणे सांगतो आहे. धरणातून आवर्तन सुटलं की पाणी भराभर वाढतं, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करा. सांगलीच्या बाजूला कृष्णेत आणि चिपळूणजवळ वाशिष्ठीत मगरी आहेत. तिथे स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय पाण्यात पाय घालू नका. मुलांना गुडघ्याच्या वर पाण्यात नेऊ नका आणि एकट्याने कधीच जाऊ नका. अंगावर जखम असेल तर काठावरचं काम घ्या.

पायरी ४ : पाणी मोजा

जीव मोजण्याआधी पाणी मोजायचं, नाहीतर कारण आणि परिणाम जोडता येत नाहीत. दहा मीटरचा सरळ तुकडा घ्या. रुंदी मोजा, पाच-सहा ठिकाणी खोली मोजून सरासरी काढा. अर्धी भरलेली लहान बाटली प्रवाहात सोडून तिला दहा मीटर जायला किती सेकंद लागतात ते पाच वेळा बघा. पृष्ठभागावरचं पाणी तळापेक्षा जोरात जातं म्हणून आलेल्या वेगाला ०.८५ ने गुणा.

समजा रुंदी ४ मीटर, सरासरी खोली २० सेंटिमीटर आणि बाटलीला ४० सेकंद लागले. काटछेद ०.८ चौरस मीटर, वेग सेकंदाला ०.२५ मीटर, ०.८५ ने गुणल्यावर ०.२१. प्रवाह झाला सेकंदाला साधारण १७० लिटर, म्हणजे सहा क्युसेक (सेकंदाला सहा घनफूट). आता वर किती मोटरी आहेत ते मोजा. दहा एचपीची मोटर वीस मीटर उंचीवर पाणी चढवत असेल आणि तिची कार्यक्षमता निम्मी धरली तर ती सेकंदाला १९ लिटरच्या आसपास उचलते. अशा नऊ मोटरी एकाच वेळी चालल्या तर हा सगळा प्रवाह संपतो. हा हिशेब गावात फळ्यावर मांडून बघा, लोक गप्प होऊन ऐकतात.

खळाळाची ओली रुंदी वेगळी लिहा. एखाद्या मोठ्या कातळावर ऑइलपेंटची खूण करून ठेवली की पुढच्या प्रत्येक भेटीत पातळी किती उतरली ते लगेच कळतं. तापमान पहाटे आणि दुपारी दोन्ही वेळा घ्या.

पायरी ५ : नमुना घ्या

खालच्या टोकाकडून वर सरकत काम करा, म्हणजे तुमच्याच पायांनी उठलेला गाळ पुढच्या जागेत जात नाही. जाळीचं तोंड प्रवाहाकडे करून ती तळाला टेकवा. जाळीच्या समोर, वरच्या अंगाला उभं राहून टाचेने गोटे हलवा. सुटलेले जीव वाहत जाळीत येतात. एका जागी एकूण तीन मिनिटं, घड्याळ लावून. मग एक मिनिट मोठे गोटे हाताने उचलून खालची बाजू तपासा, चिकटलेले जीव ब्रशने सोडवा आणि गोटा होता तसाच ठेवा.

प्रत्येक जागी असे तीन नमुने घ्या. एकच नमुना फसवतो, कारण हे जीव सगळीकडे सारखे पसरलेले नसतात. ट्रे सावलीत ठेवा, पाणी तापलं की तासाभरात मेफ्लाय मरतात. स्पिरिटमध्ये मारून ठेवण्याची गरज नाही. फोटो काढा, मोजा आणि त्याच जागी परत सोडा.

पायरी ६ : ओळखा

सुरुवातीला जातीपर्यंत जाण्याचा हट्ट धरू नका. कुळ ओळखलं तरी काम होतं. ओळखण्याची मुख्य खूण शेपटी, नख्या आणि कल्ले.

मेफ्लायच्या अळीला दोन किंवा तीन शेपट्या, पोटाच्या दोन्ही बाजूंना पानांसारखे किंवा पिसांसारखे कल्ले आणि पायाला एकच नखी. स्टोनफ्लायला शेपट्या दोनच, पायाला दोन नख्या आणि कल्ले पायांच्या बुडाशी. स्टोनफ्लाय घाटाच्या पायथ्याच्या थंड पाण्यात मिळते, खाली सपाट पट्ट्यात क्वचितच. त्यामुळे इचलकरंजीच्या आसपास ती मिळाली नाही म्हणून उपशाला दोष देऊ नका. कॅडिसफ्लायची अळी सुरवंटासारखी, शेवटी दोन आकडे. काही जाती वाळूच्या किंवा काड्यांच्या नळीत राहतात, जाळी विणणाऱ्या मात्र उघड्या फिरतात. काळ्या माशीची अळी बुडाशी फुगलेल्या बाटलीसारखी. दगडाला नाण्यासारखा चिकटलेला, गोल, तपकिरी जीव दिसला तर तो पाणभुंगेऱ्याच्या एका कुळाची अळी असतो, इंग्रजीत त्याला वॉटर पेनी म्हणतात. धबधब्याच्या जोरदार पाण्यात पोटावर सहा शोषके असलेली अळी मिळाली तर तुम्ही फार चांगल्या जागी उभे आहात.

टाचणी म्हणजे चतुरासारखाच, पण सडपातळ किडा. तिच्या पिलाला शेपटीशी तीन पानं असतात. चतुराचं पिलू जाडजूड, शेपटीविना, आणि त्याचा खालचा ओठ घडी घालून ठेवलेला असतो, भक्ष्यावर तो झेपावतो. पाणविंचू, पाठीवर पोहणारे किडे, पोहणारे भुंगेरे, निवळ्या, पातळ कवचाच्या गोगलगायी हे बहुतेक साचलेल्या पाण्याचे रहिवासी. लाल रक्तकिडे आणि चिखलात डोकं खुपसून शेपटी हलवणारे बारीक ट्यूबिफेक्स कमी प्राणवायूतही तग धरतात. रक्तकिड्याचा लाल रंग हिमोग्लोबिनचा, त्याच्याच जोरावर तो जगतो.

आता तीन ढीग करा. पहिला, जोरदार प्रवाहाचे : चपटी मेफ्लाय, स्टोनफ्लाय, जाळीवाली कॅडिस, काळी माशी, वॉटर पेनी. दुसरा, मंद वाहत्या पाण्याचे : लहान पोहऱ्या मेफ्लाय, झिंगे, खेकडे, नळीवाल्या काही कॅडिस, काही टाचण्या. तिसरा, साचलेल्या पाण्याचे : वर सांगितलेले बाकीचे. ही वाटणी मी सोपी करून घेतली आहे. ब्रिटनमध्ये १९९९ मध्ये लाइफ नावाचा निर्देशांक मांडला गेला, त्यात कुळांचे प्रवाहानुसार सहा गट आहेत. सेकंदाला एक मीटरपेक्षा जास्त वेग आवडणाऱ्यांपासून कोरड्या पडणाऱ्या पात्रात टिकणाऱ्यांपर्यंत. आपल्या नद्यांसाठी तीच यादी जशीच्या तशी उचलू नये. तिचा विचार घ्यावा, यादी आपल्या खळाळातून बनवावी.

पायरी ७ : आकडे वाचा

समजा वरच्या जागी १८ कुळं मिळाली, त्यातली ७ पहिल्या ढिगातली. खालच्या जागी १५ मिळाली, त्यातली २ पहिल्या ढिगातली. नुसती कुळं मोजणारा म्हणेल, फारसा फरक नाही. पण प्रवाहप्रेमी कुळांचा वाटा ३९ टक्क्यांवरून १३ वर आलेला आहे. गेलेल्यांची जागा साचल्या पाण्याच्या पाहुण्यांनी भरली, म्हणून बेरीज सावरल्यासारखी दिसते.

दुसरा चकवा दाटीचा. पाणी आटू लागलं की उरलेल्या ओल्या पट्ट्यात सगळे जीव गोळा होतात. खळाळ ८ मीटर रुंद असताना चौरस मीटरला ६०० जीव होते आणि तो २ मीटर झाल्यावर १२०० झाले, तर पहिल्या नजरेला संख्या दुप्पट झाली. प्रत्यक्षात नदीच्या प्रत्येक मीटर लांबीमागे ४८०० होते, ते २४०० उरले. म्हणून ओली रुंदी लिहायला मी आधी सांगितलं. ती नसेल तर तुमचेच आकडे तुमच्या विरोधात वापरले जातील.

प्रदूषण आणि उपसा यांची खूण वेगळी ओळखता येते. उपशाने पहिला ढीग जातो, पण चतुर, भुंगेरे, गोगलगायी अशा स्वच्छ साचल्या पाण्याच्या जीवांची रेलचेल राहते. सांडपाण्याने हे सगळेच जातात आणि रक्तकिडे, ट्यूबिफेक्स यांचा थर उरतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची जैविक पद्धत सॅप्रोबिक गुण (कुठली कुळं प्रदूषण किती सोसतात यावरून दिलेला) ० ते १० आणि विविधता गुण ० ते १ देऊन पाण्याचे अ ते ई असे पाच वर्ग ठरवते. ती प्रामुख्याने प्रदूषणासाठी आहे. उपशाने झालेली झीज तिच्या आकड्यात पूर्ण उतरेलच असं नाही. पंचगंगेत दोन्ही एकत्र असतात, कारण पाणी घटलं की तेच सांडपाणी दाट होतं आणि केंदाळ फोफावतं. अशा ठिकाणी दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवा, सगळं एकाच्या माथी मारू नका.

किडे परत येतात का, हे लोक नेहमी विचारतात. उबदार पाण्यात मेफ्लायच्या वर्षाला अनेक पिढ्या होतात, माद्या उडत वर जाऊन अंडी घालतात, वरून अळ्याही वाहत येतात. वर निरोगी खळाळ शिल्लक असेल तर पावसाळ्यानंतर काही आठवड्यांत बरंच भरून येतं. शिंपल्यांचं तसं नाही. त्यांना पंख नाहीत, वाढ सावकाश आणि पिल्लांना सुरुवातीचे दिवस माशाच्या कल्ल्यावर काढावे लागतात. बंधाऱ्याने मासा अडला की शिंपलाही अडला. नमुन्यात म्हातारे, मोठे शिंपलेच मिळत असतील आणि बोटाच्या पेराएवढे एकही नसतील, तर ती चिंतेची खूण समजा.

पायरी ८ : निष्कर्ष घेऊन कुठे जायचं

पाणी वापर संस्थेच्या बैठकीत जा. मोटरवाल्याला चोर ठरवून काही साधत नाही. त्याचं पीक त्याच पाण्यावर आहे. मागण्या नेमक्या ठेवा. बंधाऱ्याच्या एका गाळ्यात बर्गे थोडे कमी घालून धार कायम सोडायची. मोटरी एकदम न लावता पाळी पाडून लावायच्या. बर्गे काढताना दोन-तीन दिवसांत टप्प्याने काढायचे. फुटवॉल (मोटरच्या पाइपच्या पाण्यातल्या टोकाची झडप) खळाळात न ठेवता डोहात, तळापासून वर, जाळीसह बसवायचा. शेतीची वीज काही ठिकाणी रात्री येते आणि बऱ्याच अळ्या अंधार पडल्यावर प्रवाहात सुटतात, म्हणून रात्री चालणाऱ्या मोटरीला जाळी जास्त गरजेची आहे.

किती पाणी सोडायचं, यावर वाद होईल. ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने हरिद्वारच्या वरच्या गंगेसाठी मासिक सरासरी प्रवाहाच्या २० टक्के नोव्हेंबर ते मार्च, २५ टक्के ऑक्टोबर, एप्रिल, मेमध्ये आणि ३० टक्के जून ते सप्टेंबर असं ठरवून दिलं. बोलणीसाठी हा दाखला उपयोगी आहे. तरी मी टक्केवारीवर थांबणार नाही. आपल्या खळाळाचा ओला पट्टा एप्रिलमध्ये किती रुंद राहायला हवा आणि त्यावर पाणी किती बोटं हवं, हे कातळावरच्या खुणेने सांगा. तेवढं पाणी म्हणजे किती क्युसेक, हे चौथ्या पायरीच्या मोजमापातून निघतं, आणि ती खूण शेतकऱ्यालाही बंधाऱ्यावरून दिसते.

सगळ्या नोंदी लोक जैवविविधता नोंदवहीत घाला : जागा, तारीख, प्रवाह, ओली रुंदी, चालू मोटरींची संख्या, तिन्ही ढिगांतली कुळं आणि फोटो. पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात, त्याच तीन खळाळांवर, त्याच जाळीने पुन्हा नमुना घ्या.